किंमत छापलेली आहे

मराठी पुस्तक हातात आलं की मी आधी आतलं डावीकडचं पान उघडतो. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात असलेलं नावच तिथे बारीक टायपात 'प्रकाशक' म्हणून आलेलं असेल, आणि खाली पत्ता 'मु. केळापूर, ता. केळापूर, जि. यवतमाळ' अशा थाटाचा असेल, तर पुढचं काही न वाचता त्या माणसाबद्दल बरंच कळतं. त्याच्या पलंगाखाली गठ्ठे आहेत. पाहुणे मुक्कामाला आले की ते गठ्ठे आधी हलवावे लागतात. प्रकाशन संस्थेला त्याने मुलीचं किंवा आईचं नाव दिलं आहे, आणि त्या संस्थेचं ते पहिलं आणि बहुतेक शेवटचं पुस्तक आहे.

माझ्या पुस्तकावर असाच पत्ता आहे. आमच्याकडे तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, पंचायत समिती, बाजार समिती, एसटी स्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूरच्या वाट्याला जगदंबेचं देऊळ आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा टोलनाका. नाव एकाचं, कारभार दुसरीकडे. मोठ्या प्रकाशकाकडे गेलेल्या लेखकाचंही असंच असतं, आणि खरं सांगायचं तर तो सुखी असतो. स्वतःच पुस्तक काढणाऱ्याला नावही सांभाळायचं असतं आणि कारभारही.

छापणं आता अवघड राहिलेलं नाही. पूर्वी हजाराच्या खाली आवृत्ती परवडत नसे, आता डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात. डीटीपीवाला श्रीलिपीतून युनिकोडमध्ये मजकूर नेताना रफार कुठल्या कुठे उडवतो, मग तीन रात्री त्या रफारांना परत जागेवर बसवायचं, एवढीच काय ती मेहनत. डेमी आकार, सत्तर जीएसएमचा पिवळसर कागद, परफेक्ट बाइंडिंग हे शब्द आठवड्याभरात तोंडात बसतात आणि आपण धंद्यातले आहोत असं उगाच वाटू लागतं. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतो. तेरा आकड्यांचा तो क्रमांक आणि खालच्या काळ्या रेघा मागच्या पानावर आल्या की पुस्तक एकदम साबणाच्या वडीइतकं अधिकृत दिसतं.

मग 1954 चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. मी इमानेइतबारे पाठवली. त्यामुळे आजच्या घडीला माझं पुस्तक कोलकात्यात आहे, चेन्नईत आहे, पांढरकवड्याच्या बाजारात मात्र नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. ती आहे पैसे मागण्याची.

गावात पुस्तक निघाल्याची बातमी पसरली की अभिनंदन करायला माणसं येतात. चहा होतो. पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं जातं, वजन घेतलं जातं, मागचा फोटो आणि समोर बसलेला माणूस यांची गाठ घातली जाते. मग पुस्तक सहज काखेत जातं. "वाचतो बरं मी हे, भाऊ." मी चाचरत म्हणतो, "दीडशे रुपये आहे." समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू मी लग्नाच्या पंगतीत ताटाचे पैसे मागितले. "तुमचंच पुस्तक, अन् इकत घ्याचं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. मी पेन काढतो आणि 'सप्रेम भेट' लिहितो.

जे विकत घ्यायला तयार असतात त्यांचं म्हणणं वेगळं. "कापूस इकला का देतो ना." आमच्या भागात हे वाक्य किराणा दुकानापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळीकडे चालतं, आणि त्यात खोटं काही नसतं. वर्षाचा पैसा कापसाबरोबरच घरात येतो. पुण्या-मुंबईचे प्रकाशक दिवाळीच्या तोंडावर पुस्तकं काढतात. इथे दिवाळीला कापूस अर्धा झाडावर आणि उरलेला घराच्या कोपऱ्यात भावाची वाट बघत पडलेला असतो. इथल्या लेखकाने प्रकाशन समारंभ जानेवारीत ठेवावा, असं माझं धंदेवाईक मत आहे.

या कापसावरूनच एक विचार मला छळतो. शेजारचा शेतकरी वर्षभर राबतो आणि शेवटी जिनिंगच्या दारात गाडी उभी करून विचारतो, "आज काय भाव?" स्वतःच्या मालाचा भाव स्वतः ठरवायची मुभा त्याला कधी मिळाली नाही. सरकार हमीभाव ठरवतं, व्यापारी खरा भाव ठरवतो, आर्द्रतेच्या नावाने वरून कपात होते. आणि मी? मी माझ्या मालावर किंमत चक्क छापून आणली आहे. रुपये दीडशे, कुणालाही न विचारता. एवढी चैन या तालुक्यात दुसऱ्या कुठल्याही उत्पादकाला नसेल. तरी ती किंमत तोंडाने सांगताना माझा आवाज बसतो, आणि तो शेतकरी मात्र दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करून ताठ मानेने परत येतो.

आपल्या भाषेत हा संकोच सगळ्यांनाच होता असं नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि तो छापून निघण्याची वाट न बघता मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर असा फिरून लोकांना वाचून दाखवला. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. 'दीनबंधू' वृत्तपत्रात त्याची पहिली दोन प्रकरणं आली आणि पुढची थांबली. म्हणजे ऐकणारे आधी मिळाले, छापणारा पुरता मिळालाच नाही. आज आम्ही नेमकं उलटं करतो. छापून मोकळे होतो आणि मग ऐकणारा शोधतो.

दुसरे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. हे तर आमच्या वऱ्हाड-नागपूरकडचेच म्हणायचे. अमेरिकेतून पीएच.डी. घेऊन आले आणि मराठीत ज्ञानकोश काढायचं मनावर घेतलं. त्यासाठी नागपुरात रीतसर लिमिटेड कंपनी काढली, तिचे शेअर विकले, वर्गणीदार मिळवत गावोगाव हिंडले आणि अखेर 23 खंड पुरे केले. अजून न लिहिलेल्या पुस्तकाचे पैसे आगाऊ मागणारा हा माणूस! कुणाच्या तरी ओसरीवर बसून, आधी घरच्यांची विचारपूस करून, मग हळूच पावतीपुस्तक काढणारे केतकर मला फार वेळा दिसतात. लोकांनी त्यांनाही "कापूस विकल्यावर" म्हटलं असेल का? म्हटलंच असेल. फरक एवढाच की ते कापूस विकल्यावर पुन्हा गेले असतील.

आणि जयंतराव साळगावकर. 1973 पासून त्यांचं 'कालनिर्णय' घराघरांत टांगलं गेलं, आणि तिथी-वारांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लेख, पाककृती, आरोग्याचे सल्ले आले. मराठी माणूस वाचनासाठी पैसे देत नाही म्हणतात, पण खिळा ठोकून वाचायची सोय केली की देतो.

हल्ली मला सगळे सल्ला देतात की, जमाना ऑनलाइनचा आहे. खरं आहे. 2016 च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळतात, टपाल खात्याने 2025 च्या मे महिन्यात 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं, त्यात 300 ग्रॅमपर्यंतचं पुस्तक वीस रुपयांच्या दरात जातं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर मी मुखपृष्ठ टाकलं तेव्हा इतके हात जोडले गेले, इतकी फुलं उधळली गेली की सत्यनारायण आटोपल्यासारखं वाटलं. खाली एकाने लिहिलं, "पीडीएफ टाका ना."

शेवटी नवरात्रात देवळाच्या वाटेवर चादर अंथरली. शेजारी आरतीसंग्रह, पोथ्या आणि स्तोत्रांची पुस्तकं विकणारा एक मुरलेला गडी होता. मी तासभर त्याचा अभ्यास केला. तो पुस्तकाबद्दल अक्षर बोलत नव्हता. फक्त किंमत ओरडायचा, "वीसला, वीसला, वीसला!" आणि मधूनमधून गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक खाली, खालचं वर करायचा, म्हणजे माल हलतोय असं दिसावं. दुपारी त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "गुरुजी, तुमी कायले गप बसले?" मी म्हटलं, ललित निबंध आहेत, ओरडायचं काय? तो म्हणाला, "किंमत हाय ना त्यावर? मंग तेच वरडा."

मी ओरडलो. फार मोठ्याने नाही, पण ओरडलो.

संध्याकाळी धोतर-टोपीतले एक काकाजी थांबले. दोन पानं उभ्याउभ्या वाचली, मग किंमत बघितली आणि म्हणाले, "शंभरात द्या." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. फुकट नेणारा कधी घासाघीस करत नाही, ज्याला घ्यायचंच असतं तोच करतो. मीही मग चेहरा कठोर केला. कागद महागलाय, छपाई महागलीय, एकशे चाळीसच्या खाली परवडत नाही. ते म्हणाले, एकशे दहा. मी जागचा हललो नाही. ते दोन पावलं पुढे गेले, मी हाक मारली नाही, ते परत आले. एकशे वीसवर सौदा पटला, आणि तेही पाच प्रतींचा, कारण ते जवळच्या एका गावातल्या 'ड' वर्ग वाचनालयाचे सचिव निघाले.

"पाचही नेतो," ते म्हणाले, "पण बिल पाह्यजे. अनुदानाच्या हिशेबात दाखवा लागते."

बिल माझ्याकडे नव्हतं. आयएसबीएन होता, कोलकात्याची पोच होती, प्रस्तावना होती, बिलबुक नव्हतं. त्यांना पोथीवाल्याच्या स्टुलावर बसवून, त्यांच्या चहाची जबाबदारी त्याच्यावर टाकून, मी ऑटोने पांढरकवड्याला गेलो. स्टेशनरीच्या दुकानात पन्नास पानांचं, कार्बनसकट बिलबुक मिळालं. मी सवयीने म्हटलं, काही कमी करा. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "याच्यात कमी होत नसते, साहेब. हे पुस्तक लय चालते."