झाकणवाले काका

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या काकांना रत्नागिरीत त्यांच्या पाठीमागे सगळे ‘झाकणवाले’ म्हणतात. ऐन आषाढात मासळीवाल्यांचे डीप फ्रीझर धडाधड बंद पडतात, तेव्हा काकांना बोलवावंच लागतं आणि त्यांच्या अटीही मान्य कराव्या लागतात. ‘वहिनी, पंखा बंद करा. तो ओला टॉवेल बाहेर न्या. आणि तेलाचा डबा उघडा असेपर्यंत कोणी बोलू नका, श्वासात वाफ असते!’ श्वासाचं शास्त्र मला पटत नाही, पण हातात पाना असलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

काकांचा जीव कॉम्प्रेसरच्या जुन्या खनिज तेलावर. ‘ते तेल पाण्याला दारात उभं करत नसे हो!’ पण फ्रिजमधला आर-१२ वायू ओझोनच्या मुळावर उठला, १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याच्या गच्छंतीची सोय केली, पुढे आर-१३४ए आला आणि त्याचं खनिज तेलाशी काही केल्या जमेना. मग आलं पॉलिओल एस्टर, काकांच्या भाषेत ‘पीओई’. हे पक्कं पाणी पिणारं. खनिज तेलात दहा लाख भागांत पाण्याचे दहा-वीस भाग मावतात. याच्यात हजारावर सहज. प्लॅस्टिकच्या कॅनमधूनही ओलावा आत झिरपतो, म्हणून काका पत्र्याचाच डबा घेतात.

आम्ल आणि अल्कोहोल एकत्र येऊन पाणी बाहेर टाकतात, तेव्हा एस्टर तयार होतं. तेच पाणी परत भेटलं, वर उष्णता मिळाली, की संसार मोडतो आणि आम्ल मोकळं सुटतं. ते मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं, पायपातलं तांबं विरघळवून बेअरिंगवर नेऊन चढवतं. मोकळं पाणी कॅपिलरीच्या बारीक नळीच्या तोंडाशी गोठतं ते वेगळंच. हवा राहिली तर तापलेलं तेल काळं पडतं, गाळ धरतं.

म्हणून काका व्हॅक्यूम मारतात. काटा पाचशे मायक्रॉनवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीड हजाराव्या हिश्श्यावर, आला की पंप बंद करून गेजकडे बघत बसतात. मालक विचारतो, ‘झालं?’ काका म्हणतात, ‘काटा चढतोय का बघतोय.’ तेलात मुरलेलं पाणी मात्र पंपालाही दाद देत नाही. म्हणून ओलावा टिपणारा ड्रायर दर वेळी नवा.

घरी हाच माणूस दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवत नाही. काकूंनी मांजरापुढे हात टेकले आहेत.

एकदा उघडलेला डबा काका दुसऱ्या कॉम्प्रेसरला वापरत नाहीत. उरलेलं तेल आळीतल्या फाटकांच्या बिजागऱ्यांना घालतात. आता एकही फाटक करकरत नाही, आणि भाडेकरू रात्री कधी परततात हे घरमालकांना कळेनासं झाल्यामुळे काकांविरुद्ध एक तोंडी तक्रार गेले काही महिने आळीभर फिरते आहे.