तवंदीचा घाट आणि टाकीचं झाकण

तवंदीच्या घाटात एखादी जुनी पद्मिनी बॉनेट उघडून उभी राहिली, की पाच मिनिटांत तिच्याभोवती जाणकारांचं मंडळ जमतं. त्यात निपाणीचा तंबाखू व्यापारी असतो, उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असतो आणि ज्यानं आयुष्यात फक्त सायकलची चेन बसवली असा एक गृहस्थ असतो. सगळ्यांचं एकमत मात्र लगेच होतं : ‘‘पावणं, कार्बोरेटरात कचरा आलाय. सोडवा की!’’ माझं म्हणणं असं, की कार्बोरेटर हा जुन्या मोटारीतला सर्वांत बदनाम आणि बऱ्याचदा निर्दोष अवयव आहे. गावात चोरी झाली की चावडीसमोर बसणाऱ्यालाच आधी उचलतात, तशातली ही गत. तो बॉनेट उघडताच समोर दिसतो, दोन-चार स्क्रू फिरवले की उघडतो आणि उघडला की आत कणभर कचरा सापडतोच. पन्नास वर्षांच्या कुठल्याही वस्तूत कचरा सापडतो, माणसातही. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नाशी उलटलेल्या मोटारीला ‘विंटेज’ म्हणून मान दिला आहे. पण तपास मानानं होत नाही, क्रमानं होतो. आणि तो क्रम शेपटीकडून, म्हणजे टाकीकडून सुरू व्हायला हवा.

पहिला पुरावा खुद्द घाटच देतो. निपाणीच्या बाजारपेठेत हीच गाडी शहाण्यासारखी चालते. जागेवर इंजिन घुरघुरतं तेव्हा त्याला पेट्रोल लागतं चमचा-चमचा. चढावर दुसऱ्या गिअरात भरल्या गाडीला ते वाटीनं लागतं. कार्बोरेटरच्या वाटीत आधीचा साठा असतो, त्यावर गाडी पहिली वळणं ऐटीत घेते. मग मागून भरपाई पुरेना, की झटके देते, मिसिंग मारते आणि मान टाकते. पाच मिनिटं उभी केली की वाटी पुन्हा भरते आणि पुन्हा स्टार्ट! जेटमध्येच कचरा अडकला असता, तर तो विश्रांतीनं विरघळला नसता. उभं राहिल्यावर बरं वाटणारा हा आजार खर्चाचा नसून पुरवठ्याचा आहे.

पुरवठ्याची वाट लांब आहे. टाकी डिकीकडे, इंजिन पुढे आणि मध्ये गाडीच्या पोटाखालून गेलेली नळी. इंजिनाला चिकटलेला पंप आपल्या डायफ्रॅमच्या जोरावर एवढ्या लांबून पेट्रोल ओढतो. ओढतो, हे महत्त्वाचं. त्यामुळे या बाजूला नळीला सुईएवढं भोक पडलं, तरी खाली थेंब पडेलच असं नाही. पंप पेट्रोलऐवजी हवा पीत बसतो. मेस्त्री म्हणतात, ‘एअर धरली.’ रबरी नळी म्हातारी झाली की बाहेरून टणटणीत दिसते आणि ओढ लागताच आतून गालफडासारखी बसते. उन्हाळ्यात तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते. वाफ दाबली जाते, पुढे सरकत नाही. तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकावं. आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे टाकीचं झाकण. त्याचं हवा आत घेणारं बारीक छिद्र बुजलं, की पेट्रोल जाईल तशी टाकीत पोकळी वाढते आणि पंपाची टाकीशी रस्सीखेच सुरू होते. झाकण फिरवल्यावर ‘हुश्श’ आवाज आला, तर तपास तिथेच संपला.

आवाज आला नाही, तर बाटली घ्यावी. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचं तोंड बाटलीत धरायचं, कॉईलची मधली वायर काढून ठेवायची आणि स्टार्टर मारायचा. (निपाणी परिसरात एक जादा सूचना : आधी बघ्यांच्या हातातल्या बिड्या विझवाव्यात.) पेट्रोल ठसठशीत पिचकाऱ्यांनी आलं, तर टाकी, नळी, पंप तिघेही तूर्त सुटले, आता खुशाल कार्बोरेटर उघडा. बुडबुडे आले, तर हवा शिरते आहे. काहीच आलं नाही, तर पंपाची ओढणारी नळी स्वच्छ पेट्रोलच्या डब्यात बुडवून पुन्हा बघा. आता आलं, तर दोष टाकीकडे. तरीही नाही, तर पंप दोषी. मग इंजिनाच्या ऑइलचाही वास घ्यावा. डायफ्रॅम फाटला असेल, तर पेट्रोल गुपचूप खाली ऑइलमध्ये उतरतं आणि काडीवर पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे मालकही असतात.

जुने मेस्त्री इथे हरकत घेतील, की निम्मा कार्बोरेटर इलेक्ट्रिकमध्ये असतो; पेट्रोलचा म्हणून धरलेला रोग शेवटी कंडेन्सरचा निघतो. हरकत रास्त आहे. पण तिचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. एअर फिल्टर काढून इंजिन बंद असताना हातानं थ्रॉटल ओढावा. घशात पेट्रोलची धार दिसली, तर वाटीत माल आहे. पॉइंट आणि कंडेन्सर यांना साक्षीला बोलवा. या हरकतीनं कार्बोरेटर दोषी ठरत नाही, उलट सुटतो.

दुसरी हरकत सध्या जोरात आहे : सगळा दोष इथेनॉलचा. आता पंपावर वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल पाणी धरतं, जुन्या रबराला फुगवतं, टाकीच्या तळाचा गंज सोडवून पुढे ढकलतं, हे खरंच आहे. बेळगावच्या पावसात चार महिने शेडमध्ये उभ्या गाडीच्या टाकीत ते पाण्यासह तळाशीही बसू शकतं. गंमत अशी, की ज्या उसाच्या ट्रॉलीमागे ही गाडी घाटात अडकते, त्याच उसाचा रस आणि मळी तिच्या टाकीत असते. ऊस पुढूनही अडवतो आणि आतूनही. कर्नाटकात दर कमी म्हणून कागलकडून कोगनोळीला टाकी भरायला येणाऱ्याचीही यातून सुटका नाही. इथेनॉलला सीमा कळत नाही. पण गंज इथेनॉलनं आणलेला नाही, फक्त उघड केला. नळी बदलून इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घाला, पंपाचा डायफ्रॅमही तसाच बसवा, टाकी धुवा आणि गाडी उभी ठेवू नका. एवढं करूनही झाकणाचं छिद्र बुजलेलंच राहिलं, तर दिल्लीला शिव्या घालून उपयोग नाही.

सीमाभागातल्या माणसाला खरं तर ‘मध्येच अडकलंय’ हे निदान पटकन सुचायला हवं. महाजन आयोगानं 1967 साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी, बेळगाव कर्नाटकातच ठेवावं असा अहवाल दिला. एका टोकानं तो धरून ठेवला, दुसऱ्यानं फेटाळला आणि 2004 पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या नळीत आहे. तरी मोटार थांबली की आम्ही टोकालाच धरतो.

राहिला बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुशल हातांचा तोडगा : ‘इलेक्ट्रिक पंप बसवून टाका, कटकट संपली.’ बसवावा, पण दाब बघून. जुन्या कार्बोरेटरची नीडल दोन-तीन पौंडांच्या दाबाची सवयीची. आधुनिक इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला, तर ती पेट्रोल अडवू शकत नाही, वाटी भरून वाहते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडतं. योग्य दाबाचा पंप टाकीजवळ बसवला, तर वाफेचा त्रास खरोखर कमी होतो, हेही कबूल. मात्र बुजलेल्या झाकणाशी नवा पंपसुद्धा रस्सीखेच करतो आणि घाटाच्या त्याच वळणावर हरतो. मग तेच मंडळ जमतं, तोच स्क्रूड्रायव्हर निघतो, कार्बोरेटर सोडवला जातो, फुंकला जातो, जोडला जातो. एवढ्यात गाडीवरचं एखादं पोर खेळता खेळता मागचं झाकण फिरवतं, ‘हुश्श’ होतं, गाडी पहिल्या सेल्फला उठते आणि सायकलवाले गृहस्थ हात पुसत म्हणतात, ‘‘सांगितलं नव्हतं? कचरा होता!’’