नोंद आढळत नाही, म्हणून नोंद घेता येत नाही

प्रति,
माननीय अभिलेख अधिकारी साहेब
(कार्यालयाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. नोंदी गाळण्याचा शिरस्ता आपलाच.)

विषय: 1971 च्या युद्धात आमचे वडील होते की नव्हते, याबाबत.

महोदय,

आपलं पत्र मिळालं. पाकीट जाडजूड होतं, त्यामुळे घरात जरा धांदल उडाली. आत आम्हीच पाठवलेले कागद परत आले होते आणि त्यांच्यावर आपलं चार ओळींचं उत्तर टाचलेलं होतं. माजी हवालदार, म्हणजे आमचे नाना, यांच्या सेवा अभिलेखात ‘पूर्वी स्टार’ची नोंद आढळत नाही, सबब सदर नोंद घेता येणार नाही. नोंद घ्यावयाची झाल्यास सदर पदकाची नोंद असलेल्या डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत सादर करावी.

साहेब, मी एका माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. आवक-जावक, मस्टर, सेवापुस्तकं यांतच माझा दिवस जातो, त्यामुळे या चार ओळींमागची मेहनत मला दिसते. नोंद नाही म्हणून आम्ही अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला, कारण नोंद नाही. नोंद असती तर अर्ज मंजूर झाला असता, पण मग आम्ही अर्ज कशाला केला असता? म्हणजे आपल्याकडे दुरुस्ती होते ती फक्त आधीच बरोबर असलेल्या नोंदींची. जत्रेत हरवलेल्या पोराला चौकीवर सांगावं, ‘आधी बापाला घेऊन ये, मग तू हरवल्याचं लिहून घेतो,’ तशातली ही गत.

आता आपल्या अभिलेखात काय काय आढळतं ते पाहू. नऊ वर्षांच्या सेवेचं पदक आढळतं. सैन्य सेवा मेडल आढळतं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक तर टपोऱ्या अक्षरांत आढळतं. हे पदक मिळवायला 15 ऑगस्ट 1972 रोजी फौजेत असणं पुरेसं होतं. त्या दिवशी कुणी लंगरमध्ये बटाटे सोलत असला तरी ते मिळालं. आणि 1971 चं संग्राम मेडलही आढळतं. ते त्या काळात सीमेलगतच्या मोठ्या टापूत असलेल्या बहुतेकांना मिळालं. पूर्वी स्टार मिळाला तो पूर्वेकडच्या प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात उतरलेल्यांना. तेवढाच आढळत नाही. थोडक्यात, आपल्या कागदांवरून आमचे नाना 1971 साली युद्धाच्या आसपास कुठेतरी होते. आसपास!

त्यांचं त्या वेळचं काम सांगते. नाना एमटी ड्रायव्हर होते, गाडी शक्तिमान. युद्धाआधीचे कित्येक आठवडे त्रिपुरात धर्मनगरच्या रेल्वेपासून आगरतळ्याच्या बाजूला माल वाहायचा. रेल्वे धर्मनगरला संपायची, पुढे डोंगरातला एकमेव रस्ता, रात्री दिवे बंद. एका अख्ख्या कोअरचं रेशन, पेट्रोल आणि तोफगोळे त्या रस्त्याने गेले. आगरतळा सीमेला लागून आहे, पलीकडे आखाउडा. 3 डिसेंबरला युद्ध पेटलं. आखाउड्याजवळच्या गंगासागरला लान्स नायक अल्बर्ट एक्का लढता लढता पडले. पूर्व आघाडीवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. 5 तारखेला आखाउडा पडलं. त्यानंतर नानांची गाडी गोळे घेऊन सीमेपलीकडे गेली, मेघनेच्या दिशेने. पाकिस्तानी फौजेने उडवलेला आशुगंजचा रेल्वे पूल त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. आम्हा भावंडांना ही हकीकत तोंडपाठ आहे. त्यांना गाडीचा बीए नंबर अजून आठवतो. जेवणात काय होतं ते सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, पण बीए नंबर आठवतो.

मग नोंद का नाही? याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे, पण आपण सांगत नाही, म्हणून मी सांगते. त्या दिवसांत नाना दुसऱ्या युनिटला, तोफखान्याला, ‘अटॅच’ होते. फौजेत माणसाचं जे काही होतं, रजा, बढती, लग्न, मूल, मेडल, ते त्याच्या मूळ युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये निघावं लागतं. ते निघालं की रेकॉर्ड ऑफिसात शीट रोलवर चढतं. मूळ युनिट म्हणालं, हा माणूस त्या महिन्यात आमच्याकडे नव्हता. तोफखाना म्हणाला, हा माणूस आमचा नव्हे. दोघंही खरंच बोलले. आणि दोन खऱ्यांच्या मधल्या फटीतून नाना गाडीसकट खाली पडले. माझ्या भावाचा जन्म मात्र पार्ट टूमध्ये व्यवस्थित आहे. त्याबद्दल आपले आभार.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलंय, त्याची आता सवय झाली. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्र त्यांच्या बोटांचे ठसे ओळखत नाही, कारण आयुष्यभर स्टिअरिंग आणि त्यानंतर कुदळ धरून ठसे झिजले. चालायचंच.

पण स्वर्णिम विजय वर्षाचं काय करू? 16 डिसेंबर 2020 ला दिल्लीच्या युद्धस्मारकावरून मशाली निघाल्या आणि त्या वर्षात आमच्या तालुक्यालाही 1971 च्या जवानांचा सत्कार झाला. यादी डिस्चार्ज बुकावरून झाली. नाना श्रोत्यांत बसले. ज्यांचा सत्कार झाला त्यांत त्यांच्याच गाडीतून माल उतरवून घेणारे एक गृहस्थ होते. त्यांनी स्टेजवरून हाक मारली, ‘अरे, तू इकडं ये की!’ नाना हात हलवून नको म्हणाले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘मेडल दे म्हणत नाही गं मी. नुसतं लिहा म्हणतोय.’

आमच्या चुलतभावाने तोडगा काढला. छावणीच्या बाजारात पूर्वी स्टार मिळतो, रिबनसकट. दुकानदार त्याला ‘टेलर्स कॉपी’ म्हणतात. सरकारी पदकं वर्षानुवर्षं हातात पडत नसत, म्हणून नोकरीतले जवानसुद्धा परेडला हीच विकतची पदकं लावायचे. म्हणजे स्टार बाजारात आहे, नोंद मात्र बाजारात नाही. ती फक्त आपल्याकडे असते, आणि आपल्याकडे ती आढळत नाही.

मग मी आपल्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, पण यातून आर्थिक लाभ काय आहे?’

इथे माझा उपरोध संपतो, साहेब. काही नाही. एक रुपया नाही. पेन्शनमध्ये फरक नाही, जमीन नाही, सवलत नाही. आपल्याला तेच समजत नाही ना, की पैसे नसताना एक म्हातारा माणूस कशासाठी मागे लागलाय? बावीस वर्षांचा पोरगा अंधारात दिवे बंद करून दारूगोळ्याची गाडी परमुलखात घालतो, तेव्हा तो विचारतो का, यातून लाभ काय? त्याला मूव्हमेंट ऑर्डर देणाऱ्याने त्या रात्री पुरावा मागितला होता का? जायचं होतं तेव्हा तोंडी हुकूम चालला. तो गेला होता एवढं लिहून घ्यायला मात्र साक्षांकित प्रत लागते.

अमेरिकेत सेंट लुईस शहरात त्यांचं लष्करी अभिलेखांचं केंद्र आहे. 12 जुलै 1973 ला तिथे आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली जळाल्या. तिथले कर्मचारी आजही पगाराची व्हाउचरं, युनिटचे रोजचे हजेरी-अहवाल, दवाखान्याच्या नोंदी असं इकडचं तिकडचं जोडून जळालेल्या माणसाची फाइल पुन्हा उभी करतात. तो शोध ते कार्यालय घेतं. आपल्याकडे आग लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि आमच्याच जिल्ह्यातलं ‘अपशिंगे मिलिटरी’ आपल्याला ठाऊक असेलच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, आणि परक्या सरकारने तिथे त्यांचं स्मारक उभं केलं. मी इंग्रजांची भक्त नाही. पण आपल्या उत्तराचा कागद हातात घेऊन त्या स्मारकापुढे उभं राहिलं की तोंडाला कडू चव येते.

आता हेही लिहिते, कारण मी आपल्याच जातीची, म्हणजे कारकुनाच्या. 2010 साली वर्तमानपत्रांत बातमी आली होती की कोलकात्याच्या ईस्टर्न कमांडच्या मुख्यालयातले 1971 च्या युद्धाचे दस्तऐवजच नष्ट झालेत. युद्धाच्या वेळी त्याच मुख्यालयात चीफ ऑफ स्टाफ असलेले जनरल जेकब पुढे 1974 मध्ये तिथले प्रमुख झाले. त्यांनी ते कागद मागितले, तेव्हा त्यांनाही ते फाडून टाकल्याचं सांगण्यात आलं. जिथे ढाक्यापर्यंतच्या मोहिमेचे कागद राहिले नाहीत, तिथे एका ड्रायव्हरचा कागद आपण कुठून आणणार? फोनवरचे गृहस्थ तरुण वाटले. त्यांच्यासमोर चौथ्या कार्बनची फिकट प्रत असेल, पंजाबी हेड क्लर्कने ऐकून टाइप केलेली मराठी नावं असतील, आणि जी चूक त्यांच्या जन्माआधी झाली तिच्यावर सही करायची भीती असेल. नवी नोंद घेतली आणि ऑडिटला सापडली तर मान त्यांची जाणार. नाही म्हटलं तर कुणाचीच जात नाही. शाळेत जन्मतारीख दुरुस्तीचे अर्ज येतात तेव्हा मीही ‘पुरावा जोडा’ म्हणून कागद परत करणं जास्त सुरक्षित समजते. त्यामुळे त्यांच्यावर माझा राग टिकत नाही. आपल्यावर टिकतो, कारण सही आपली आहे.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, तिथे जा. नानांना विचारलं. ते माझ्याकडे पाहतच राहिले. ‘आपल्याच फौजेवर केस?’

तेव्हा मार्ग एकच उरतो, आणि तो आपल्या टेबलावरून जातो. नाना ज्या तोफखान्याच्या युनिटला अटॅच होते, त्यांच्या डिसेंबर 1971 च्या पार्ट टू ऑर्डर, नामावल्या, गाड्यांच्या कार डायऱ्या, यांतलं जे काही शिल्लक असेल ते त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावं लागेल. हे पत्र आम्ही लिहिलं तर आम्हाला उत्तर येणार नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याला लिहिलं तर यावं लागतं. पुरावा आमच्या घरात नाही, तो सरकारच्याच कपाटात आहे, आणि ते कपाट आपण उघडायचं आहे, एका म्हाताऱ्याने नव्हे.

पत्राचा मसुदा मी तयार करून ठेवला आहे: बीए नंबर, तारखा, अटॅचमेंटचा काळ, सगळं घालून. हिंदीत हवा तर हिंदीत, इंग्रजीत हवा तर इंग्रजीत देते; टायपिंगचा वेग बरा आहे. आपली सही तेवढी लागेल. ‘पुढील कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून तो पुढे पाठवावा. उत्तर काहीही आलं, अगदी ‘नोंद आढळत नाही’ असं आलं, तरी ते आपण शोधल्यानंतर आलेलं असेल, आणि नाना ते वाचून घेतील. चष्मा नवा केला आहे.

आपली विश्वासू,
एका माजी हवालदाराची मुलगी, कनिष्ठ लिपिक