पानवाले काका

सिंदी मेघेचा पत्ता सांगताना 'मेघे'वर जोर द्यावा लागतो, नाहीतर कुरिअर सिंदी रेल्वेला जाऊन बसतं. आमच्या लेआउटातल्या पानवाले काकांचं उलट आहे. त्यांचं नाव सांगताना 'पान'वर जोर दिला की घोटाळा होतो. मागे एक नवा भाडेकरू पोरगा त्यांच्या फाटकाशी उभा राहून म्हणाला, "काका, एक खर्रा घोटून द्या." काका रागावले नाहीत. त्यांनी त्याला घरात नेलं, क्रोटनचं कडेने करपलेलं पान हातात दिलं आणि पालाश कमी पडलं म्हणजे काय होतं ते समजावलं. पोरगा पाऊण तासाने बाहेर आला. त्याचा खर्रा सुटला नाही, पण त्या गल्लीतून जाणं मात्र सुटलं.

काका सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. खातं सुटलं, हिशेब सुटला नाही. त्यांच्या हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत दह्याचे, आइस्क्रीमचे असे चाळीसेक डबे ओळीने मांडलेले असतात. प्रत्येकात एक छाट: गुलाबाची, जास्वंदीची, कुणाच्या तरी मनीप्लांटची. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा अंगणात ठेवलेली छाट दुपारपर्यंत काडेपेटीतली काडी होते, म्हणून हा दवाखाना घरात. डब्यांवर चिकटपट्टी लावून रुग्ण क्रमांक टाकलेले आहेत आणि लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरात प्रत्येकाचं खातं उघडलेलं आहे.

खिडकीचा उजेड पुरेना तेव्हा काकांनी जांभळ्या प्रकाशाची एलईडी पट्टी आणली. पानं लाल आणि निळा उजेड सगळ्यांत जास्त वापरतात, म्हणून ती पट्टी अशी असते. पण लेआउटातल्या लोकांना हे कोण सांगणार? जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी, त्यामुळे पडद्याआडचा कुठलाही विचित्र उजेड बघितला की आमच्याकडे लोकांचं डोकं एकाच दिशेला धावतं. या वेळी ते एक पाऊल पुढे धावलं. कोपऱ्यावरच्या टपरीवर ठरलं की काका घरात गांजा पिकवून राहिले. शेवटी मागच्या गल्लीतले हवालदार, ड्यूटीवर नसताना, चहाच्या निमित्ताने येऊन गेले. जाताना हातात एक चिठ्ठी होती. घरची तुळस काहून सुकते, याचं निदान आणि आठ दिवसांचा औषधोपचार!

निदान हा काकांचा खरा प्रांत. आधी चष्मा कपाळावर जातो, मग पान उजेडाकडे उलटं धरलं जातं आणि नखाने देठ दाबला जातो. पहिला प्रश्न एकच, "पिवळं पान खालचं का वरचं?" सगळी मेख त्यात आहे, असं ते म्हणतात, आणि इथे मात्र ते शंभर टक्के बरोबर असतात.

"नत्र कमी पडलं का झाड जुन्या पानातलं काढते आणि नव्या पानाच्या खात्यात वर्ग करते. म्हणून जुनं पान आधी पिवळं. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त शिरा हिरव्या राहतात अन् मधली जागा फिकी पडते. पण लोहाचा निधी वर्ग करताच येत नाही, भाऊ! ज्या पानाच्या नावावर पडला, त्याच पानाला राहिला. मग लोह कमी पडलं का नवं पान पिवळं अन् जुनं मजेत. आता सांगा, कोणत्या लेखाशीर्षात घोळ आहे ते सांगायला प्रयोगशाळा कशाला पायजे?"

मी कृषीवरची पुस्तकं चाळलेली आहेत, पण वनस्पतिशास्त्र इतकं स्वच्छ मला कुठे सापडलं नाही.

लीबिगचा नियमही त्यांच्याकडूनच ऐकला. लाकडी पिंप, त्याच्या फळ्या उंचसखल; जी फळी सगळ्यांत आखूड तिच्यावरून पाणी सांडतं, बाकीच्या कितीही उंच असोत. पिकाला जे सगळ्यांत कमी पडतं, तेवढंच त्याचं पीक. "पण हे लीबिगच्या आधी कार्ल श्प्रेंगेल सांगून गेला होता, १८२८ मध्ये," काका हळहळतात. "लीबिगचं पुस्तक आलं १८४० ला, अन् नाव झालं त्याचं. काम एकाचं, खात्यावर जमा दुसऱ्याच्या." हे सांगताना त्यांचा आवाज खरंच ओला होतो. काकू त्या वेळी आत भांडी घासत असतात.

तर आमचा मोगरा. आर्वीला आईच्या अंगणात जुना मोगरा होता. घर विकायचं ठरलं तेव्हा मी सहा छाटा ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि आमच्या हॉलमध्ये, कूलरपासून थोड्या दूर, खिडकीत लावल्या. तीन आठवड्यांनी पानं पिवळी पडू लागली. बायको म्हणाली, काकांना सांगू नका. मी सांगितलं.

काका भिंग घेऊन आले. खालची पानं पिवळी. "उपासमार," त्यांनी जाहीर केलं. "नत्र." डब्यामागे एक एक चमचा एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत पडलं. चौथ्या दिवशी पानांची टोकं तपकिरी झाली. "पालाश," काका म्हणाले. मग शिरांमधली जागा फिकी दिसली म्हणून मॅग्नेशियम सल्फेट आलं. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणात मधोमध मॅग्नेशियमच बसलेलं असतं, ही माहिती त्याच्यासोबत फुकट. दोन छाटा त्याच आठवड्यात गेल्या. रजिस्टरात नोंद झाली: 'उशिरा दाखल.'

मग त्यांना सेंद्रियाचा उमाळा आला. बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत घराघरात पोचलं आहे. दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शेतासाठी ते असेल ते असो. काकांनी ते चार डब्यांसाठी एका बादलीत बसवलं आणि बादली सावलीत हवी म्हणून आमच्या मागच्या व्हरांड्यात, नेमकी कूलरच्या पाठीमागे ठेवली. कूलरचं काम बाहेरची हवा आत ओढणं. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे मुलीला बघायला आलेल्या मंडळींपैकी एक जण सोफ्यावर बसता बसता उठला आणि म्हणाला, "तुमच्याकडे गाय आहे वाटते." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जून लागताच काका मुलाच्या नव्या फ्लॅटची गॅलरी हिरवी करून द्यायला पुण्याला गेले. चाळीस डब्यांना पाणी कोण देणार म्हणून काकू मागे राहिल्या. एका संध्याकाळी त्या आमच्याकडे वाटीभर भाजणी द्यायला आल्या आणि खिडकीपाशी थांबल्या. मला विचारलंही नाही. एक छाट दोन बोटांत धरली आणि हलकेच उपसली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. खालचं टोक काळपट, मऊ. मूळ एकही नाही.

"याले पायच फुटले नाई," काकू म्हणाल्या, "अन् तुम्ही याले पंगतीत बसवून राहिले!"

मग त्या सांगत होत्या आणि हात चालले होते. छाट स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर जगते. मूळ नाही तर खत खाणार कशाने? उलट जास्तीचं खत डब्यातल्या पाण्यात विरघळलं की ते छाटीचंच पाणी ओढून घेतं, कैरीच्या फोडीला मीठ लावल्यावर सुटतं ना, तसं. उरलेल्या चारपैकी दोन त्यांनी कचऱ्यात टाकल्या. दोन वर जाऊन हिरवा भाग लागेपर्यंत, पेराच्या जरा खाली, तिरप्या कापल्या. पानं दोनच ठेवली आणि तीही अर्धी कातरली, म्हणजे पाणी कमी उडेल. बांधकामाची रेती आणून चाळली, धुतली, डब्याला सुईने भोकं पाडली. दोन्ही काड्या रोवून त्यांच्यावर लोणच्याची रिकामी काचेची बरणी उपडी घातली.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाई. बोट घालून पाहा. रेती कोरडी लागली तर पाणी. हात खाजत असतील तर कपडे धुवा."

काही न करणं फार अवघड असतं, हे त्या चार आठवड्यांत कळलं. रोज सकाळी बरणीच्या आतून वाफेचे थेंब ओघळताना बघत मी चहा प्यायचो आणि हात मागे बांधून ठेवायचो. पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली आणि एका सकाळी देठाच्या बगलेत मुगाच्या डाळीएवढं हिरवं टोक दिसलं. हलकेच ओढून पाहिलं तर काडीने धरून ठेवलं होतं. पाय फुटले होते.

काका परतले तोवर मोगरा शेतातल्या काळ्या मातीच्या कुंडीत गेला होता आणि त्याची नवी पानं परत पिवळी दिसत होती. शिरा मात्र हिरव्यागार. त्यांनी पान बघितलं आणि ते काहीच बोलले नाहीत. थेट आमच्या मोरीत गेले आणि बोअरच्या पाण्याची बादली उलटी करून तिच्या बुडावरचा पांढरा थर नखाने खरवडून आणला.

"हे पाजता नं याले? चुना आहे हा. मातीतही चुनखडी, पाण्यातही. लोह आहे, पण बांधलेलं, मुळाला उचलता येत नाही. आपल्याकडच्या संत्र्याच्या बागा पिवळ्या पडतात ना, त्यातल्या कितीतरींची हीच बिमारी. पागोळीचं पाणी साठवा. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून पानावर फवारा. मातीत टाकू नका, तिथं परत बांधलं जाईल."

औषधाचा चमचा त्यांनी खिशातून काढलाच नाही. मी थक्क झालो. पंधरा दिवसांत नवी पानं हिरवी झाली. या वेळी माणूस अगदी बरोबर होता, हे मला कबूल केलंच पाहिजे, आणि मी त्यांच्या तोंडावर ते केलंही. तिथेच चुकलो.

परवा त्यांच्या घरी रजिस्टर बघितलं. रुग्ण क्रमांक ६३, मोगरा, आर्वी. उपचार: नत्र, पालाश, मॅग्नेशियम, जीवामृत, लोह. निकाल: पूर्ण बरा. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने 'योग्य वेळी केलेल्या पोषणामुळे'. मी काकूंकडे पाहिलं. त्या पापड वाळत घालत होत्या.

"रकाना लहान आहे," त्या म्हणाल्या.

काल संध्याकाळी मोगऱ्याला पहिली कळी दिसली. ही बातमी लेआउटात कशी फिरली माहीत नाही, पण सातच्या सुमारास बेल वाजली. खिडकीतून डोकावलं तर काका, आणि हातात झाकणाची बादली. बायकोने आधी कुंडी उचलून बेडरूममध्ये नेली, दाराला कडी घातली, मग जाऊन फाटक उघडलं.