इंजिनाचा मोतीबिंदू

मॉडेल रेल्वेच्या (खेळण्यातली म्हटलं की या छंदातली माणसं दुखावतात) हेडलाइटवर बसवायचं भिंग मोहरीच्या दाण्याएवढं असतं. एचओ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान इंजिनावर, जेमतेम दोन मिलिमीटर. वजन तीन-चार मिलिग्रॅम. तांदळाचा दाणा याहून कितीतरी जड. आणि ते चिकटवायला निघालेला माणूस दुकानात विचारतो, "सगळ्यात मजबूत गोंद कुठला?" हा प्रश्न बूट फाटलेल्याला शोभतो. माझं म्हणणं असं, की इथे दुबळाच गोंद शोधावा. भिंगाला कोणी ओढत नाही, त्याच्यावर कोणी बसत नाही. त्याने जागेवर राहून चमकायचं, बस्स.

मजबुतीचा मोह झाला की हात फेविक्विकच्या जातीच्या झटपट गोंदाकडे जातो. यातलं सायनोॲक्रिलेट १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या हाती लागलं, तेव्हा शोध चालला होता बंदुकीचा नेम धरायच्या पारदर्शक प्लास्टिकचा. दिसेल त्याला चिकटतं म्हणून ते बाजूला पडलं आणि १९५८ साली गोंद म्हणूनच बाजारात आलं. पारदर्शकतेच्या शोधात सापडलेला हा पदार्थ नेमका पारदर्शक वस्तूंच्या मुळावर येतो. वाळताना त्याची वाफ उठते आणि आसपास पांढुरकी साय धरते: भिंगाला मोतीबिंदू. त्यातही बोटांच्या ठशांवर ती आवर्जून बसते. पोलिसांचे तज्ज्ञ याच वाफेने ठसे उठवतात. म्हणजे दिवा तर गेलाच, वर गुन्हेगार कोण याचा पुरावाही भिंगावर उमटला. दोन नळ्यांच्या इपॉक्सीला हा दोष नाही, पण तो काही वर्षांनी पिवळा पडतो. वाफेच्या इंजिनाला ते एक वेळ खपून जाईल.

उरला पांढरा गोंद. फेविकॉलच्या जातीचा, किंवा मॉडेल विमानांच्या पारदर्शक टपांसाठी बनवतात तो, अधिक नितळ वाळणारा. "पण तो प्लास्टिकला धड धरत नाही," असा आक्षेप येईल. खरं आहे. फेविकॉलच्या चिन्हातल्या दोन हत्तींनी ओढूनही न सुटणारा जोड लाकडाचा. लाकूड गोंद पिऊन घेतं, प्लास्टिक पीत नाही. पण चार मिलिग्रॅमला तेवढी पकड पुष्कळ झाली, आणि भिंग वाकडं बसलं तर ओल्या कापसाने सोडवता येतं. फेविक्विकने लावलेलं भिंग सोडवायला गेलात तर इंजिनाचा रंगही सोबत निघतो. वाळायला काही तास लागतात, हा दुसरा आक्षेप. पण जो माणूस इंजिनाच्या एकेका कठड्याला रंग देत बसतो, त्याने घाईची सबब सांगू नये. एक आक्षेप मात्र मान्य: आत जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब असेल तर हा गोंद मऊ पडतो. तिथे आधी एलईडी बसवा. मग दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढाच गोंद घ्या, तो कडेलाच लावा, आणि हत्ती सुतारांकडेच राहू द्या.