विमानातला फवारा आणि कुंडीखालची ताटली

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला डासाचे काही नवे सांगायला जाऊ नये. पवनेवर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरली की तो संध्याकाळी खिडक्या लावून घेतो, आणि गल्लीत महापालिकेची धुराची गाडी आली की लावलेली खिडकी किलकिली करून बघतो. गाडीमागे पोरे पळतात. डास अदबीने बाजूला होतात आणि धूर ओसरला की आपापल्या जागी परत येतात. अशा गावचा माणूस परदेशी निघालेल्या विमानात पट्टा बांधून बसतो, आणि नीटनेटक्या गणवेशातली मुलगी दोन्ही हातांत दोन डबे उंच धरून, डोक्यांवरून फुस्स फुस्स करत चालत जाते, तेव्हा त्याला राग येत नाही. माहेरचे कुणी भेटल्यासारखे वाटते.

मॉरिशसच्या विमानात माझ्या पुढच्या रांगेत प्राधिकरणातले एक काका-काकू होते. घोषणा झाली : फवारा अपायकारक नाही, तरी हवे असल्यास डोळे मिटा आणि नाकावर रुमाल धरा.

"अहो, अपाय नाही म्हणतायत, मग रुमाल कशाला?"

काका चाकणच्या कुठल्याशा कारखान्यातून क्वालिटीत निवृत्त झालेले. त्यांनी आधी रुमाल धरला, मग उत्तर दिले. "अगं, आपण पॅलेटला हीट ट्रीटमेंट देतो ना, तसंच. एक्स्पोर्टचा माल आहोत आपण."

यापेक्षा नेमके कुणी सांगितले असते असे मला वाटत नाही. चाकणहून परदेशी जाणारी लाकडी पेटी किंवा पॅलेट नुसती ठोकून चालत नाही. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस उष्णता सलग 30 मिनिटे पोचवावी लागते. मग तिच्यावर गव्हाच्या ओंबीचे चित्र आणि 'एचटी' असा शिक्का बसतो. लाकूड पोखरणारी कीड दुसऱ्या देशाच्या जंगलात उतरू नये, एवढाच हेतू. माणसाला 56 अंशांवर अर्धा तास ठेवता येत नाही, म्हणून फवाऱ्यावर भागवतात.

डब्यात असते ते बहुधा डी-फेनोथ्रिन किंवा परमेथ्रिन. शेवंतीच्या गोतातल्या एका फुलात कीटक मारणारे द्रव्य असते, त्याची ही प्रयोगशाळेत केलेली नक्कल. आपल्या घरात रात्रभर प्लगला लटकणाऱ्या लाल दिव्याच्या बाटलीतले औषधही त्याच घराण्यातले. म्हणजे काकूंनी रुमाल धरला तो एका जुन्या ओळखीच्या समोर. काही विमान कंपन्या प्रवाशांना त्रास नको म्हणून रिकाम्या विमानात भिंती, पडदे, गालिचे आधीच परमेथ्रिनने माखून ठेवतात. त्याचा अंमल 8 आठवडे चालतो, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला तेही चालते. त्या विमानात आपल्याला काहीच दिसत नाही. अमेरिकेने बसल्या प्रवाशांवर फवारणे 1979 मध्येच सोडून दिले. आपल्याकडे 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही प्रवासी आत असताना फवारण्याला हरकत घेतली. दम्याच्या माणसाला बंद नळकांड्यात फवारा सोसत नाही, हे कळायला खरे तर लवाद लागू नये.

पण मॉरिशसवाल्यांना नावे ठेवायला माझी जीभ उचलत नाही. हिवताप त्या बेटावर मुळात नव्हता. जहाजांतून आला, आणि 1860 च्या दशकात त्याने गावेच्या गावे निजवली. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेली मराठी कुटुंबेही त्याच शतकातली. पुढे 1973 मध्ये बेट हिवतापमुक्त जाहीर झाले, आणि दोनच वर्षांनी, 1975 च्या चक्रीवादळानंतर ताप परत आला. एकदा असे हात पोळल्यावर माणूस पाहुण्याच्या अंगावर फवारा मारणारच. पॅरिसजवळची गोष्ट तर आणखी विचित्र. 1994 च्या कडक उन्हाळ्यात शार्ल द गॉल विमानतळाच्या आसपास अशांना हिवताप झाला, की जे कधी उष्ण देशात गेलेच नव्हते. डास विमानातून उतरले होते.

आता आपण. आपला देशही या बाबतीत काही कमी काटेकोर नाही. 1954 च्या विमान सार्वजनिक आरोग्य नियमांपासून आपली सगळी धास्ती पीतज्वराची आहे, कारण तो रोग आपल्याकडे अजून पसरलेला नाही आणि तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास मात्र घरोघरी आहे. काडेपेटी यायची बाकी आहे, गवत तयार आहे. म्हणून आकुर्डी-चाकणच्या दुचाक्या विकायला आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जाऊन येणाऱ्या माणसाकडे लशीचे पिवळे कार्ड लागते. लस टोचून 10 दिवस उलटल्याशिवाय ते लागू होत नाही. ते नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. 2016 पासून एकदा टोचलेली लस जन्मभर चालते, एवढी सवलत झाली.

पण डासाला विमानच लागते असे कुणी सांगितले? एशियन टायगर म्हणतात तो एडिसचा पट्टेवाला भाऊ 1985 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला मुक्कामाला आलेला सापडला. तो जपानकडून आलेल्या जुन्या टायरांतून पोचला असे मानतात. टायरच्या पोटात पावसाचे पाणी साचते, आत सावली, वारा नाही. यापेक्षा चांगले बाळंतघर एडिसला कोण देणार? हे वाचल्यापासून मी पंक्चरवाल्याच्या टपरीवरची टायरांची उतरंड वेगळ्या नजरेने बघतो. ज्या पट्ट्यात गाड्या बनतात, तिथे टायरांना काय तोटा? विमानात वीस पंक्तींचा फवारा, आणि टपरीवरच्या टायराला साधी झाकणी नाही.

आणि याच एडिसने पसरणारा झिका? महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये सापडला तो मुंबईच्या विमानतळाजवळ नव्हे, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. चाकणकर वर्षानुवर्षे विमानतळाची वाट बघत बसले आणि 2016 मध्ये तो पुरंदरला जायचे ठरले. बेलसरला ताप आला तेव्हा त्या तालुक्यात धावपट्टीचा पत्ता नव्हता. 2024 च्या पावसाळ्यात पुण्यातही झिकाचे रुग्ण निघाले. त्यांना चावलेल्या डासांपैकी कुणी बोर्डिंग पास काढला असेल असे वाटत नाही. एडिस स्वतःच्या पंखांवर जन्मभरात काही शे मीटरच जातो. म्हणजे तुम्हाला चावणारा बहुतेक तुमच्याच सोसायटीतला.

विमानातली फवारणी चालू राहावी. मॉरिशसला तेवढा हक्क आहे. माझी तक्रार उलट्या बाजूची आहे. सगळी दक्षता जिथे डास क्वचित असतो तिथे, आणि जिथे तो वाढतो तिथे आपण मनी प्लांटची बाटली सहा महिने बदलत नाही. महापालिकेचा माणूस घरात येऊन फ्रिजमागचा ट्रे बघू म्हणाला की आपल्याला अपमान वाटतो. तेच आपण परक्या विमानात रुमाल धरून मुकाट बसतो.

एडिसची अंडी पाणी आटल्यावरही भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने तग धरतात, आणि पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. हा अंक खाली ठेवा, कुंडीखालची ताटली काढा आणि काथ्याने कडा घासून टाका. पुढच्या आठवड्यात पुन्हा.