जादा टाकी

कोल्हापुरातल्या बाकीच्या पेठांचा गणपती जाताना गाजतो, राजारामपुरीचा येताना. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर आगमनाच्या मिरवणुका लागतात, तेव्हा जनता बाजार चौकात पाय ठेवायला जागा मिळाली तर ती पूर्वजन्मीची पुण्याई समजायची. बापट कँपातून किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून निघालेली मूर्ती खरं तर अर्ध्या तासात मांडवात बसेल. आमच्याकडे तिला मध्यरात्र होते. कारण पुढं ट्रॅक्टर, त्याच्यामागं साउंडची ट्रॉली, मग जनरेटरची ट्रॉली आणि सगळ्यात शेवटी, कुणाच्या लक्षात राहिलं तर, देव.

आमच्या गल्लीच्या मंडळाचा मी सल्लागार आहे. गल्लीचा नंबर सांगत नाही. राजारामपुरीत गल्ल्या नंबरानं ओळखतात आणि एक नंबर सांगितला की शेजारच्या नंबराला राग येतो. सल्लागार म्हणजे ज्याच्याच्यानं आता मूर्ती उचलवत नाही आणि ज्याला वर्गणीही बुडवता येत नाही असा माणूस. बैठकीत त्याला खुर्ची मिळते, चहा आधी मिळतो, सल्ला मात्र कुणी विचारत नाही.

यंदा अध्यक्षांच्या डोक्यात टाकी शिरली. शेजारच्या गल्लीनं म्हणे जनरेटरच्या ट्रॉलीवर डिझेलची जादा टाकी बसवली होती. आमचा जनरेटर भाड्याचा, 125 केव्हीएचा. पूर्ण भारावर असं यंत्र तासाला 25 ते 30 लिटर डिझेल पितं, आणि त्याच्या पायाशी त्याची स्वतःची टाकी असतेच. खजिनदारांनी पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. मिरवणूक पाचला सुरू होणार. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला आवाज बंद. सरकारनं सवलत दिलेला दिवस असला तर फार फार बारापर्यंत. म्हणजे सात तास. पायातली टाकी काठोकाठ असली की भागतंय.

"मग जादा टाकी कशाला?" खजिनदारांनी विचारलं.

"त्यांनी बसवलीया म्हणून," अध्यक्ष म्हणाले. कोल्हापुरात एवढं कारण पुरतं.

मंडळात एक वकील आहेत. ते 1934 चा पेट्रोलियम कायदा घेऊन आले. डिझेल हा त्यातला 'ब' वर्ग. एका भांड्यात हजार लिटरच्या वर नसेल आणि सगळं मिळून अडीच हजार लिटरच्या आत असेल, तर साठवायला परवाना लागत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. हे त्यांनी सांगायला नको होतं. तोपर्यंत अध्यक्षांची धाव 200 लिटरच्या बॅरलपर्यंत होती. अडीच हजार ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. वकिलांनी मग घाईघाईनं स्फोट, पंचनामा, सदोष मनुष्यवध वगैरे शब्द काढले आणि बैठक पुन्हा 200 लिटरवर आणून बसवली.

टाकीचा शोध सुरू झाला. राजारामपुरीत माणसाला काही फुकट मिळत नसेल, पण टाकी मिळते. एकानं गच्चीवरची काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी देऊ केली. दुसऱ्याकडे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची होती, "आजोबांच्या येळची, अजून गळत न्हाई." तिसऱ्यानं भंगारवाल्याकडनं ट्रकची जुनी डिझेल टाकी उचलून आणली, तिला फक्त एका कोपऱ्यात वेल्डिंग मारायचं होतं. तिन्ही टाक्या मांडवाच्या जागेवर ओळीनं ठेवल्या गेल्या आणि उद्यमनगरातनं मेस्त्रींना बोलावणं धाडलं.

शिवाजी उद्यमनगर आम्हाला हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या शेडमधून आयुष्य काढलेला माणूस कमी बोलतो, कारण लेथच्या आवाजात बोलून उपयोग नसतो हे त्याला तरुणपणीच कळलेलं असतं. आमच्या मेस्त्रींनी पंचगंगेकाठच्या शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं उघडण्यात हयात घालवली. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. मामा आले, टाक्यांकडे बघितलं आणि तंबाखू मळायला लागले.

"प्लास्टिकची काढा. पाण्याची टाकी डिझेलसाठी न्हाई. झाकण सैल, आर्थिंग करता येत न्हाई, उन्हात मऊ पडती."

"आणि ही जस्ताची?"

"जस्त आन डिझेलचं पटत न्हाई. साबणागत साका धरतोय. फिल्टर तुंबतोय, मग इंजेक्टर. ऐन चौकात इंजिन खोकायला लागंल."

भंगारातल्या टाकीशी मात्र ते थांबले. वेल्डिंगवाला पोरगा मशीन घेऊन उभाच होता. मामांनी त्याच्या हातातला होल्डर काढून घेतला. "रिकामी हाय म्हणून मारणार व्हतास न्हवं? भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. आत वाफ ऱ्हाती. ही फुटली की तू शाहू मिलच्या भोंग्याजवळ सापडशील."

कुणीतरी म्हणालं की डिझेल काय पेट्रोल आहे का; पेटती काडी टाकली तरी विझते, मोबाइलवर व्हिडिओ आहे. मामांना व्हिडिओंविषयी आदर नाही. थंड डिझेलच्या डबक्यात काडी विझेल, ते म्हणाले. पण आपल्याकडच्या डिझेलला भडका घ्यायला कमीत कमी 35 अंशांची अट आहे, आणि चैत्रात कोल्हापूर स्वतःच तिथवर जातं. नळीतून बारीक फवारा उडाला किंवा चिंधीनं शोषून घेतलं, तर ठिणगी पुरते; आणि फार तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडले, तर काडीचीही गरज नाही. मिरवणुकीत वर फटाके, खाली सायलेन्सर, मध्ये नाचणारी पोरं. "जाळ आन धूर संगटच," एक कार्यकर्ता आनंदानं ओरडला. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वर्गणी मागायला निघून गेला.

शेवटी उद्यमनगरातच नवीन टाकी बनवायची ठरली. जाड काळ्या पत्र्याची, आतून दोन आडवे पडदे. पडदे कशाला, या प्रश्नावर मामांनी पाण्याची अर्धी बादली उचलून अध्यक्षांना चार पावलं चालायला लावलं. अध्यक्षांचा कडक इस्त्रीचा लेंगा भिजला आणि विषय मिटला. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात जास्त नाचते; स्पीड ब्रेकरवर तो सगळा मुद्देमाल एका अंगाला धावतो. पडद्यांना भोकं ठेवली की डिझेल जातं, पण दमानं जातं.

वर हवेसाठी वाकवलेली नळी, तिच्या तोंडाला बारीक जाळी. टाकी गच्च भरायची नाही, कारण पारा दहा अंश चढला तरी 200 लिटर डिझेल दीड-पावणेदोन लिटरनं फुगतं. त्याला कुठंतरी जायला हवं, आणि ते नेमकं जाऊ नये तिथंच जातं.

जागेवरून खरी लढाई झाली. अध्यक्षांना टाकी ट्रॉलीच्या शेपटाला हवी होती, उंचावर, म्हणजे मागून येणाऱ्या मंडळाला वाचता येईल असं मंडळाचं नाव तिच्यावर रंगवता आलं असतं. मामा म्हणाले, 200 लिटर म्हणजे पत्र्याचं वजन सोडून पावणेदोनशे किलोच्या आसपास. दोन चाकी ट्रॉलीत ते आसाच्या मागं ठेवलं, त्यात मागं चार पोरं लटकली, की पुढचा हूक वर उचलतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. शिवाय मागून कुणी धडकलं तर पहिला मान टाकीचा. टाकी आसाच्या जरा पुढं, जमेल तितकी खाली, चासीला बोल्टनं आवळलेली. दोरीनं बांधायची नाही. सायलेन्सरपासून लांब. उंची कमी झाल्यामुळे नाव बसेना. पेंटरनं लाल अक्षरांत 'ज्वलनशील' लिहिलं आणि उरलेल्या जागेत छोट्या अक्षरांत 'सौजन्य' घालून ठेवलं. कुणाचं ते नंतर ठरणार होतं.

मग निघाला रिटर्नचा पाइप. नवी टाकी इंजिनाला परस्पर जोडून टाका, असा अध्यक्षांचा आग्रह होता. मामांनी सांगितलं की डिझेल इंजिन जेवढं ओढतं तेवढं जाळत नाही. उरलेलं, कोमट झालेलं, दुसऱ्या पाइपानं टाकीत परत पाठवतं. ओढलं नव्या टाकीतून आणि परत गेलं जुन्यात, तर जुनी टाकी भर मिरवणुकीत उतू जाणार. दोन्ही पाइप एकाच वेळी एकाच टाकीकडे वळवणारा वाल्व्ह लागतो, आणि तो फिरवायला शुद्धीवर असलेला माणूस लागतो.

खजिनदार हे ऐकून थक्क झाले. ज्याला दिलं तो उरलेलं आपण होऊन परत करतो, हे त्यांनी मंडळाच्या कारभारात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो पाइप दोनदा हात लावून बघितला.

मामांचा निकाल असा झाला: टाकी इंजिनाला जोडायचीच नाही. ती फक्त साठ्याची. खालच्या तोंडाला बंद होणारा वाल्व्ह, वर बॅरलला लावतात तसला हातानं फिरवायचा पंप. लागलं तर ट्रॉली आडव्या गल्लीत घ्यायची, इंजिन बंद करायचं, निवू द्यायचं, दोन्ही टाक्यांना आर्थिंगची वायर लावायची, शेजारी पावडरचा अग्निशामक घेऊन माणूस उभा करायचा आणि मग पंप मारायचा.

"म्हणजे साउंड बंद?" अध्यक्षांचा आवाज कापरा झाला.

"थोडा येळ देवाला बी ऐकू दे की."

चतुर्थीला मिरवणूक जोरात निघाली. खजिनदारांचा हिशेब बरोबर होता. दहा वाजून गेले तरी आमच्या जनरेटरच्या पोटात पुरेसं डिझेल होतं आणि जादा टाकी हिंदकळतसुद्धा नव्हती. अध्यक्ष जरा उदास दिसत होते. तेवढ्यात मागून येणाऱ्या शेजारच्या गल्लीच्या मंडळाचे दिवे एकदा मिचकावले आणि गेले. त्यांचे अध्यक्ष गर्दीतून वाट काढत आले.

"डिझेल संपलंय वो. तुमच्याकडं टाकी हाय म्हणं."

"तुमची कुठाय?"

"आमची कुठली टाकी? तुम्ही बसवताय असं ऐकलं, म्हणून आम्ही बसवणार असं बोललो व्हतो नुस्तं."

आमचे अध्यक्ष बराच वेळ गप्प उभे राहिले. द्यावं तर त्यांचा साउंड आपल्या कानाशी वाजणार, न द्यावं तर एवढ्या खर्चाची टाकी कुणाच्याच उपयोगाची नाही. शेवटी टाकी दाखवण्याची हौस जिंकली. मामांनी दोन्ही ट्रॉल्या आडव्या गल्लीत घेतल्या, दोन्ही जनरेटर बंद करायला लावले, पोरं पांगवली, एकाची सिगारेट तोंडातून काढून गटारात टाकली आणि पंप मारायला बसले. मुख्य रस्त्यावर आमच्या टापूत एकदम शांतता पडली. गॅलऱ्यांतून बायका एकमेकींना काय झालं म्हणून विचारायला लागल्या. बंदोबस्तावरचे साहेब चार शिपाई घेऊन धावत आले. त्यांच्या आख्ख्या नोकरीत कुणी आपण होऊन साउंड बंद केलेला नव्हता.

"बंद का केलंय?" त्यांनी दरडावून विचारलं, आणि आपण काय विचारतोय ते लक्षात आल्यावर टोपी काढून घाम पुसला.

डिझेलचे पैसे पंपाच्या भावानं मिळाले. मंडळाला डिझेल विकता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून खजिनदारांनी तेवढ्या रकमेची वर्गणीची पावती फाडली. दुसऱ्या दिवशी आमच्या मांडवातल्या देणगीदारांच्या फलकावर शेजारच्या मंडळाचं नाव लागलं. दुपारी त्यांचे अध्यक्ष तावातावानं आले. नाव पुसा म्हणतील अशी आम्ही मनाची तयारी केली होती. त्यांची तक्रार अशी होती, की रोख पैसे मोजूनसुद्धा नाव खालून दुसऱ्या ओळीत का.